जुन्या रिळांचा दवाखाना

स्मरणिकेचे दिवस जवळ आले की संपादक मंडळातील मित्र माझ्याकडे येतात आणि लसीकरण, स्तनपान किंवा मुलांचा दमा यांपैकी एका विषयावर चार पाने लिहून नेतात. ही पाने कोण वाचतो, हा प्रश्न मी त्यांना आजवर विचारला नाही आणि त्यांनीही मला सांगितले नाही. यंदा मात्र मी त्यांना हात जोडून विनंती केली की, एवढ्या वेळी मला लसींतून मोकळे करावे. लसीकरणाचे वेळापत्रक आपणां सर्वांना पाठ आहे. त्याऐवजी मी माझ्या घराच्या मागील ओसरीवर गेली पंचवीस वर्षे चालणाऱ्या दुसऱ्या दवाखान्याविषयी लिहितो. तेथे येणारे रुग्ण रडत नाहीत, फी देत नाहीत आणि बहुतेक सर्व माझ्यापेक्षा वयाने मोठे असतात. ते म्हणजे मासेमारीची जुनी रिळे.

गळाच्या काठीला खालच्या बाजूस जे चाक बसवलेले असते आणि ज्यावर दोरी गुंडाळतात, ते रीळ. आपल्या हैदराबादेत पतंगाच्या मांज्याच्या फिरकीला जसे ‘चरख’ म्हणतात, तसेच जुन्या बाजारातील विक्रेते यालाही ‘मच्छी का चरख’ म्हणतात, आणि ते नाव मला मूळ नावापेक्षा अधिक नेमके वाटते.

आमच्या घरात मासा शिजत नाही, हे येथे आधीच सांगून टाकलेले बरे. ‘मासे न खाणारा माणूस मासे धरायला का जातो?’ हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत विचारला होता. त्याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप सापडलेले नाही. एवढेच सांगता येईल की, माझे आजोळ लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तेथील मुलांबरोबर मी बांबूची काठी, सुताची दोरी आणि वाकवलेल्या टाचणीचा गळ घेऊन डोहावर बसत असे. हीच मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगवते, बीदरवरून तेलंगणात येते, तिचे नाव ‘मंजीरा’ होते आणि तिचे पाणी हैदराबादच्या नळाला येते. आजोळच्या नदीचे पाणी आपण रोज पितो आहोत, ही जाणीव परगावी जन्मलेल्या मराठी माणसाला थोडा आधार देते. त्या बांबूच्या काठीला रीळ नव्हते. रीळ मी प्रथम पाहिले ते वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, पुराना पुलाजवळच्या जुमेरात बाजारात.

जुमेरात बाजार आपणांस ठाऊक आहेच. गुरुवारी तेथे जुन्या शहरातील मोडकळीस आलेल्या घरांतून निघालेले सर्व काही रस्त्यावर मांडलेले असते. एम.डी. होऊन मी नुकताच व्यवसायात पडलो होतो. रुग्ण कमी आणि वेळ भरपूर. १९९८ सालच्या एका गुरुवारी गंजलेल्या कुलपांच्या आणि फुटक्या चष्म्यांच्या ढिगात मला लाकडाची एक जाडसर चकती दिसली. पाठीवर पितळेचा चांदणीसारखा आकडा, पुढे दोन लहान मुठी, आणि फिरवली की अगदी निःशब्दपणे गरगर फिरणारी. विक्रेत्याने सांगितले, “लंदन का है साब.” ते लंडनचे नव्हते, नॉटिंगहॅमचे होते, हे मला पुष्कळ नंतर कळले.

नॉटिंगहॅम हे लेस विणणाऱ्या कारखान्यांचे शहर. तेथील ट्रेंट नदीत प्रवाहाबरोबर गळ दूरवर वाहत न्यायचा, तर चाक इतके हलके फिरले पाहिजे की पाण्याच्या ओढीनेच दोरी सुटत जावी. म्हणून एकोणिसाव्या शतकात तेथे अक्रोडाच्या लाकडाची, पितळी कण्यावर फिरणारी रिळे तयार झाली. पाठीवरची ती चांदणी शोभेसाठी नसून लाकूड तडकू नये म्हणून घातलेला पितळी आधार असे.

या रिळाचे मी काय केले, ते सांगताना आजही मला संकोच वाटतो. ते मी घरी आणले आणि देवघरातील समई घासावी तसे चिंच-मीठ लावून घासले. पितळ सोन्यासारखे लखलखू लागले. लाकूड काळवंडलेले होते म्हणून ते साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी पाहतो तो अक्रोड फुगला होता. चकती चौकटीत घट्ट अडकली होती. मी ती उन्हात वाळवली, तेव्हा कण्यापासून कडेपर्यंत एक सरळ चीर गेली. शंभराहून अधिक वर्षे ट्रेंटच्या आणि कोण जाणे कोणकोणत्या पाण्यात टिकलेली वस्तू माझ्या हातात चोवीस तासांत निकामी झाली. तिच्या पितळावर शतकभराच्या हातांनी आलेला जो तपकिरी रंग होता, तोही मी चिंचेने उतरवून टाकला होता. तो पुन्हा चढवता येत नाही. ते रीळ आजही माझ्या टेबलावर समोरच ठेवलेले आहे. नवशिक्या निवासी डॉक्टराच्या हातून घडलेली पहिली चूक जशी त्याच्या मनातून जात नाही, तसे ते तेथून हलत नाही.

त्यानंतर मी वाचू लागलो. ही रिळे भारतात आली कशी, हा प्रश्न पडला होता. उत्तर एका माशात सापडते. महासीर हा आपल्या नद्यांतील बलाढ्य मासा. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले आणि इंग्लंडमधील सामन माशाच्या शौकिनांना भारताची वाट दाखवली. पुढे छावणीत बदली होऊन येणाऱ्या अधिकाऱ्याच्या सामानात बंदुकीइतकीच काठी आणि रीळही असे. आपल्या सिकंदराबादच्या छावणीतून जुन्या बाजारात आलेली बहुतेक रिळे याच वाटेने आलेली असावीत. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन बंधूंपैकी एकाने कबिनी नदीत १२० पौंडांचा महासीर धरला. असा मासा गळाला लागल्यावर दोरी सुसाट पळते, तेव्हा रिळाने ती देतही राहावे लागते आणि अडवतही राहावे लागते. जुन्या रिळातील सगळी कारागिरी या दोन परस्परविरोधी कामांसाठी आहे.

आपल्यासाठी या माशाच्या कथेत एक मराठी धागाही आहे. कर्नल साइक्स याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महासीराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने दिलेले ‘खुद्री’ हे स्थानिक नाव आज ‘टॉर खुद्री’ म्हणून जगभरच्या ग्रंथांत आहे. हा मासा धरणांमुळे दुर्मीळ होऊ लागला, तेव्हा लोणावळ्यास टाटांच्या वळवण येथील केंद्रात त्याची पिल्ले कृत्रिम रीतीने तयार करण्यात आली. त्या कामात मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता. तेथील पिल्ले कावेरीतही सोडण्यात आली. हेतू चांगला होता आणि त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ते योग्यच होते. पण कावेरीत मूळचा एक निराळा, पाठीला कुबड असलेला महासीर होता, आणि पाहुण्याची संख्या वाढत गेली तसा तो मागे पडत गेला. हा कुबडा महासीर म्हणजे ‘टॉर रेमादेवी’, हे शास्त्रज्ञांनी २०१८ साली निश्चित केले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. हे वाचले त्या रात्री मी टेबलावरच्या तडकलेल्या अक्रोडाकडे बराच वेळ पाहत बसलो होतो.

आता थोडे उपचारपद्धतीविषयी. बाह्यरुग्ण विभागातील नियमच येथे लागू पडतात. प्रथम इतिहास, मग तपासणी, आणि हत्यार सर्वांत शेवटी. रीळ हाती आले की मी आठवडाभर त्याला काही करीत नाही. फक्त पाहतो, फिरवतो, कानाशी नेतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत लोखंडी स्क्रू असला, तर दमट हवेत दोन धातूंच्या संपर्काने पांढरी भुकटी तयार होते आणि स्क्रू जणू सिमेंटमध्ये बसवल्यासारखा होतो. त्याला जोर लावला की डोके तुटते. यावर उपाय म्हणजे पातळ तेलाचा एक थेंब, रात्रभर विश्रांती, सकाळी केस वाळवण्याच्या यंत्राची थोडी ऊब, पुन्हा थेंब. शिवाय स्क्रूड्रायव्हरचे टोक त्या स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसेल असे घासून घ्यावे लागते. माझ्याकडे अशी एकोणीस टोके आहेत. माझी पत्नी, जी भूलतज्ज्ञ आहे, म्हणते की तिच्या ट्रॉलीवरही एवढी हत्यारे नसतात. जुने ग्रीस वाळून लाखेसारखे कडक होते. ते रॉकेलमध्ये भिजवून मऊ दातब्रशाने काढावे. नंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. बाहेरच्या बाजूस मऊ फडके आणि थोडे मेण, बस्स. चिंच स्वयंपाकघरातच राहू द्यावी.

गंजलेल्या स्क्रूशी झगडताना मला बेगमपेठेतील रोनाल्ड रॉसची आठवण येते. २० ऑगस्ट १८९७ रोजी याच शहरात त्याला डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी दिसले. त्या दिवसांत त्याच्या कपाळावरच्या आणि हातांवरच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि शेवटची उरलेली नेत्रकाचही तडकलेली होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. आपल्या संस्थेतील मंडळी रॉसविषयी बोलताना नेहमी डासाविषयी बोलतात. मला ते गंजलेले स्क्रू अधिक जवळचे वाटतात.

बालरोगतज्ज्ञ म्हणून दोन सूचना येथेच करून टाकतो, म्हणजे संपादक मंडळाचेही समाधान होईल. दोरीला वजन म्हणून लावतात ते शिशाचे मणी मुलांच्या हाती देऊ नयेत आणि दातांनी दाबू तर मुळीच नयेत. असे मणी गिळून हंस मरू लागले म्हणून ब्रिटनने १९८७ साली त्यांतील बहुतेक आकारांवर बंदी घातली. आपल्याकडे ते सर्रास मिळतात. दुसरी गोष्ट गळ बोटात रुतण्याची. काटा उलटा असल्याने तो सरळ ओढून निघत नाही. गळाच्या वाकाशी मजबूत दोरा अडकवावा, गळाची दांडी बोटाने त्वचेकडे दाबून धरावी आणि दोऱ्याला दांडीच्या समांतर दिशेने एकच झटका द्यावा. उलटा काटा सुटतो आणि मूल रडायला सुरुवात करण्यापूर्वी काम झालेले असते. डोळ्याजवळच्या गळाला मात्र हात न लावता नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळतो.

आपल्यातील एक ज्येष्ठ शल्यविशारद, ज्यांना आम्ही सर्वजण नुसते ‘सर’ म्हणतो, त्यांनी २०२२ च्या पावसाळ्यात मला घरी बोलावले. सर तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. पार्किन्सन्सचे निदान होऊन सहा वर्षे झाली होती. ज्या हातांनी आमच्या पिढीतील निम्म्या शहराची पोटे उघडली आणि नीट मिटवली, तो उजवा हात मांडीवर ठेवला की अंगठा आणि तर्जनी गोळ्या वळल्यासारखी हलत राहत. बाईंनी चहा आणला. सरांनी कपाटातून लोकरीचा एक जुना मोजा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

“तू मुलांचा डॉक्टर,” ते म्हणाले, “आणि हा पेशंट माझ्याहून म्हातारा आहे. पण बघ काही होतंय का.”

मोज्यात हार्डी कंपनीचे ‘युनिका’ रीळ होते. इंग्लंडच्या उत्तरेस अ‍ॅनिक नावाच्या लहान गावात बंदुकांचे काम करणाऱ्या हार्डी बंधूंनी १८७२ साली सुरू केलेली ही कंपनी. तिचे १८९१ चे ‘परफेक्ट’ रीळ जगप्रसिद्ध आहे. १९०३ साली आलेले ‘युनिका’ म्हणजे त्याची साध्या घरातील चुलतबहीण. कमी भाग, कमी किंमत, पण घराण्याचे वळण तेच. चकती चौकटीतून सोडवण्याची खिटी जुन्या उभ्या टेलिफोनच्या आकाराची असते, म्हणून तिला ‘टेलिफोन खिटी’ असेच म्हणतात. सरांचे वडील निजामाच्या राज्यात पाटबंधारे खात्यात अभियंता होते. १९२३ ते १९३१ या काळात मांजरेवर निजामसागर बांधला गेला, त्यानंतर काही वर्षांनी ते तेथे नेमणुकीवर होते. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून त्यांनी हे रीळ विकत घेतले आणि रविवारी ते धाकट्या मुलाला घेऊन धरणाच्या काठावर बसू लागले. तो मुलगा म्हणजे सर.

मी तपासणी सुरू केली. खिटी ताठरली होती. गडद करड्या रंगाचे मूळ लेपन कडांवर झिजून पांढरा धातू दिसत होता. एका जागी पांढरी भुकटी. काठीवर बसवण्याच्या पितळी पायाची दोन्ही टोके कानशीने घासलेली. संग्राहकांच्या दृष्टीने हा मोठाच दोष. अशा रिळाची किंमत निम्मी होते. मी सवयीने म्हणून गेलो, “सर, पाय कोणीतरी बिघडवलाय.”

“बिघडवला नाही. बाबांनी घासला. आमची काठी स्थानिक बांबूची होती, तिच्या कड्यांत हा पाय बसेना. ओसरीवर बसून रविवारभर कानस चालवली होती त्यांनी. मी पाय धरून बसलो होतो.”

इतिहास आधी आणि तपासणी नंतर, हे मी विद्यार्थ्यांना वीस वर्षे शिकवत आलो आहे.

मुख्य दोष आत होता. दोरी सुटताना रिळातून करकर असा आवाज येतो. आत एक दातेरी चाक असते आणि त्याच्या दातांवर त्रिकोणी जिभेसारखा एक तुकडा स्प्रिंगने दाबलेला असतो. सायकलच्या फ्रीव्हीलमधील अशाच तुकड्याला मिस्त्री लोक ‘कुत्ता’ म्हणतात. त्यानेच चाकाला थोडा अडसर राहतो, दोरीचा गुंता होत नाही, आणि मासा पळतो तेव्हा ते ओरडून सांगते. सरांच्या रिळातील स्प्रिंग तुटली होती आणि जिभेची एक बाजू झिजून गोल झाली होती. चकती मुकाट फिरत होती.

“मला मासा नको,” सर म्हणाले. “एकदा तो आवाज ऐकायचा आहे.”

मी मोजा घेऊन निघालो खरा; पण दोन आठवडे त्या रिळाला हात लावला नाही. रोज रात्री ते टेबलावर घेत असे, तडकलेल्या अक्रोडाकडे पाहत असे आणि पुन्हा मोज्यात घालत असे. बाजारातून आणलेले रीळ बिघडले तर माझे बिघडते. हे बिघडले तर एका ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचा रविवार बिघडणार होता, आणि त्याला दुसरा मिळणार नव्हता. अखेर पत्नीच म्हणाली, “अहो, पेशंट टेबलावर घेऊन भूल देऊन ठेवायची आणि सर्जनने खिडकीतून बाहेर बघत बसायचं, असं किती दिवस चालणार?”

जिभेवरच्या पट्टीचा स्क्रू सुटायला चार दिवस लागले. पाचव्या रात्री तो पाव फेरा फिरला, तेव्हा मी नळीतून श्वास आत जाताना पाहावा तसा श्वास रोखून होतो. तुटलेल्या स्प्रिंगचा अर्धा तुकडा उडाला आणि कपाटाखाली गेला. तो शोधायला तास गेला, कारण नवी स्प्रिंग करायची तर जुनीची जाडी आणि वळण मोजणे आवश्यक होते. चौकटीच्या आतल्या बाजूस, जेथे कोणाची नजर जाणार नाही अशा ठिकाणी, घडवणाऱ्या कारागिराची दोन आद्याक्षरे ठोकलेली दिसली. हार्डीच्या कारखान्यात ही प्रथा होती. ती अक्षरे पाहून माझी भीती थोडी कमी झाली. कोणीतरी आधी हे उघडून बसले होते आणि त्याने ते नीट मिटवले होते.

स्प्रिंगसाठी मी सुलतान बाजारच्या एका बोळात घड्याळे दुरुस्त करणाऱ्या वयस्कर गृहस्थांकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. हे मला सुचले त्यास कारण होते. स्वीडनमधील ‘आबू’ कंपनीच्या नावातच घड्याळाचा कारखाना दडलेला आहे. १९२१ साली ती खिशातील घड्याळे व पुढे टॅक्सीचे मीटर करीत असे. महायुद्धात मीटरांची मागणी थांबली तेव्हा ती रिळांकडे वळली. फ्रान्सचे ‘मिचेल’ रीळही आल्प्समधील क्लूझ या घड्याळजींच्या गावचे. मी ही माहिती चाचांना मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यांनी डोळ्यावरचे भिंग न काढता रीळ एकदा फिरवून पाहिले आणि म्हणाले, “तो घड्यालच है ये. वखत नै बताता, बस.”

गजराच्या एका मोडक्या घड्याळाच्या कमानीतून त्यांनी पोलादाची पट्टी कापली, तापवून वळवली आणि तीन प्रयत्नांत स्प्रिंग बसवली. झिजलेल्या जिभेविषयी मात्र आमचा मतभेद झाला. मला वाटत होते, तीही नवी करावी. आवाज खणखणीत येईल. चाचांनी ती चिमट्यात धरून दिव्यासमोर नेली. तिचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा होता. हार्डीने ती तशीच घडवली होती, डाव्या हाताने रीळ फिरवणाऱ्यासाठी उलटी बसवता यावी म्हणून. झिजली होती ती एकच बाजू.

“नवा कायकू डालते डाक्टर साब? पलटा के डालो. इसकू अबी जान है.”

मी गप्प बसलो. खोकल्याचे औषध मागणाऱ्या आईला ‘काही देऊ नका, आपोआप बरे होईल’ असे मी दिवसातून दहा वेळा सांगतो. आणि येथे मीच नवे औषध लिहायला निघालो होतो. जीभ उलटून बसवली. सर्वांना माझा आग्रह होता की चाचांनीच पहिल्यांदा फिरवावे. करकर आवाज आला, थोडा कोरडा, पण प्रत्येक दात वेगळा ऐकू येणारा. लेपन आम्ही जसेच्या तसे ठेवले. पायालाही हात लावला नाही.

सरांना मी ते परत दिले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून ते फिरवले. मग म्हणाले, “जवळ आलाय. पण हा हाताने फिरवल्याचा आवाज. तो मासा ओढताना निराळा असतो.” बाईंनी माझ्याकडे पाहिले. मासा नको, असे सर म्हणाले होते. आता तो लागणार होता.

निजामसागर सुमारे दीडशे किलोमीटर. तेवढा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. संगारेड्डीच्या पुढे एक तलाव मला माहीत होता. तेलंगणात अशा तलावांतील मासेमारीचा हक्क मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्यांकडे असतो, म्हणून मी आधी जाऊन त्यांची परवानगी घेतली. नोव्हेंबरच्या एका रविवारी, सकाळच्या गोळीचा परिणाम चांगला असतो ती वेळ धरून, आम्ही निघालो. जुनी बांबूची काठी वाळवीने कधीच खाल्ली होती. माझी फायबरची काठी नेली. तिच्या कड्यांत तो घासलेला पाय अगदी नीट बसला. दोरीबाबत एक काळजी घेतली होती. आजची नायलॉन दोरी ताणली जाते आणि मासा ओढून गुंडाळली की आकसताना जुन्या चकतीला आतून दाबते. त्या दाबाने चकत्या फुटल्याची उदाहरणे आहेत. म्हणून न ताणणारी विणीची दोरी भरली होती.

शेंगदाण्याची पेंड आणि कणीक यांचा गोळा गळाला लावला, मोरपिसाच्या देठाची काडी पाण्यावर उभी राहिली, आणि सर खुर्चीवर, काठी हातात, असे आम्ही दोन तास बसलो. सोसायटीचा एक तरुण पोरगा शेजारी बसून आमच्याकडे कुतूहलाने पाहत होता. काठाच्या गवतात मरळ उसळी मारत होती. याच मरळीची पिल्ले मृगाच्या दिवशी दम्यासाठी जिवंत गिळायला आपल्या शहरात हजारो लोक येतात, आणि त्या सुमारास इन्हेलर बंद करून धापा टाकत आलेले एखादे मूल माझ्या दवाखान्यातही असते. पण तो विषय मी सरांकडे काढला नाही.

दहाच्या सुमारास मोरपिसाची काडी एकदा डुलली आणि सरळ खाली गेली. सरांनी काठी उचलली. पुढचे सारे इतक्या वेगाने झाले की मला क्रमाने आठवत नाही. रीळ किंचाळले. हाताने फिरवल्याचा तो आवाज नव्हता. एक सलग, वर चढत जाणारी करकर, मध्येच तुटणारी, पुन्हा उठणारी. जुन्या रिळाची मूठ दोरीबरोबर उलटी गरगर फिरते आणि बोटे मध्ये आली तर सोलून काढते. मी ओरडलो, “सर, मूठ सोडा!” त्यांनी ती आधीच सोडली होती. उजव्या हाताची तर्जनी त्यांनी सुटत्या दोरीवर हलकेच टेकवली होती, वडिलांनी शिकवली तशी, आणि त्या बोटाने ते मासा तोलत होते.

ते बोट स्थिर होते. पार्किन्सन्सचा कंप विश्रांतीत असतो आणि हेतुपूर्वक हालचालीत कमी होतो, हे आपण तिसऱ्या वर्षात वाचतो. मी ते वाचले होते. मुलांच्या रोगांत ते पाहण्याचा प्रसंग येत नाही. त्या दिवशी पाच-सात मिनिटे मी जे बोट पाहिले, ते शल्यविशारदाचे होते.

रोहू होता, तीनेक किलोचा. मासा सोसायटीचा, तो पोराच्या टोपलीत गेला. सर त्याच्याकडे फारसे पाहतही नव्हते. ते रीळ काठीवरून सोडवायला सांगत होते.

परतताना ते मागच्या आसनावर बसले, रीळ मांडीवर. पाटणचेरूच्या पुढे मला मागून बारीक टिकटिक ऐकू येऊ लागली. प्रथम वाटले, गाडीत काही बिघडले. मग लक्षात आले. उजवा हात पुन्हा विसावला होता, बोटे मुठीवर होती, आणि सेकंदाला चार-पाच या लयीत कंपाबरोबर ते चाक एक दात पुढे, एक दात मागे होत होते. सर खिडकीबाहेर पाहत होते. मी रेडिओ बंद केला.

कुकटपल्लीच्या गर्दीत टिकटिक चालू होती. अमीरपेठेच्या अलीकडे ती थांबली. मी दचकून आरशात पाहिले. कंप झोपेत थांबतो. सरांना झोप लागली होती.